माहेरचं नाव, सासरचं नाव आणि मधला एक कागद

लग्नपत्रिका छापायला देताना घरात सगळ्यांत जास्त वेळ नावांवर जातो. निमंत्रकांत कुणाला घ्यायचं, कुठला मामा राहून गेला, कुणाच्या नावापुढे ‘सरपंच’ लावायचं आणि कुणाच्या ‘माजी’. नवरीच्या नावाकडे मात्र कुणाचं बारीक लक्ष नसतं. घरात तिला ज्या नावाने हाक मारतात तेच ‘चि. सौ. कां.’ला जोडून छापलं जातं. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं असतं. आधार कार्डावर त्याच नावाचं स्पेलिंग तिसरंच असतं. लग्न लागल्यावर सासरी ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं जातं ते चौथं. पत्रिका गावभर वाटून होते, आणि तीन महिन्यांनी तीच पत्रिका पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवायची वेळ येते. मग प्रश्न येतो, “ताई, पत्रिकेतली मुलगी तुम्हीच कशावरून?”

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात हा प्रश्न दर लग्नसराईनंतर उभा राहतो. गाव मोठं आहे, ग्रामपंचायत गावातच आहे. तहसील मात्र परळीला आणि जिल्ह्याची कामं बीडला. इथून लेक सासरी गेली किंवा इथे सून म्हणून कुणी आली, तर तिच्या नावाचं नेमकं काय करायचं, कुठल्या दारापासून सुरुवात करायची आणि कुठलं दार शेवटी ठेवायचं, हे या लेखात सावकाश सांगायचं आहे. २०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायला बायकांच्या रांगा लागल्या, तेव्हा शेजारपाजारच्या बायकांचे अर्ज मीही भरून देत होते. आधारवर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं, रेशनकार्डावर नुसतं ‘सूनबाई’च्या जागी लिहिलेलं अर्धवट नाव. दरमहा दीड हजार रुपयांचा प्रश्न होता आणि तो एका अक्षरापाशी अडत होता. या कामात कोर्ट लागत नाही, वकील लागत नाही. क्रम मात्र लागतो, आणि तोच कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट आधी मोकळेपणाने सांगते. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. हिंदू विवाह कायद्यात नाही, विशेष विवाह कायद्यात नाही, विवाह नोंदणीच्या कायद्यातही नाही. नाव बदलणं हा रिवाज आहे, तिची मर्जी असेल तर तिने तो पाळावा. ‘नाव बदलल्याशिवाय रेशनकार्डावर घेणार नाहीत’, ‘नाव बदललं नाही तर नवऱ्याच्या जमिनीत हक्क नाही’, अशी वाक्यं घरोघर ऐकू येतात. त्यांना आधार नाही. बायकोचे हक्क लग्नातून येतात, आडनावातून येत नाहीत. उदाहरण लांब शोधायला नको. सिरसाळा ज्या परळी विधानसभा मतदारसंघात येतं, तिथून २००९ आणि २०१४ साली निवडून आलेल्या पंकजा मुंडे विवाहित असूनही वडिलांचंच आडनाव लावतात. बीडमधून लोकसभेत गेलेल्या त्यांच्या भगिनी प्रीतम मुंडेही तेच लावतात. आमदार-खासदार म्हणून त्यांनी घेतलेली शपथ माहेरच्याच आडनावाने होती. जे तिथे चालतं ते पासबुकावरही चालतं.

बदलायचं असेल, तर आपल्याकडे काय काय बदलतं ते नीट बघू. इंग्रजी अर्जावर ‘सरनेम’ असा एकच रकाना असतो, त्यामुळे वाटतं की एकच शब्द बदलायचा. मराठी नाव तीन पायांवर उभं असतं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधला पाय आणि शेवटचा पाय, दोन्ही बदलतात. काही घरांत पहिलाही बदलतो. कल्याणात जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टरकीची पदवी घेऊन आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात गेली. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात रमाबाई झाली. एकोणिसाव्या शतकात या दोन यमुनांना नाव बदलल्याचा कागद कुणी मागितला नाही, कारण त्यांच्या नावावर कागदच फार नव्हते. आज पहिलं नावही बदलायचं म्हटलं, तर जन्मदाखल्यापासून दहावीच्या गुणपत्रकापर्यंत सगळं मागे राहतं आणि बाई स्वतःच्या कागदांनाच परकी होते. म्हणून माझा आग्रह आहे की तांदळांत नाव लिहायचं तर हौसेने लिहावं, उखाणा घ्यावा, पण आधार कार्डावर ते चढवू नये.

मराठवाड्याच्या जुन्या कागदांत या मधल्या पायासाठी एक छोटंसं अक्षर असे आणि ते अजूनही दिसतं: ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. सातबाऱ्यावर किंवा कोर्टाच्या नोटिशीत बाईचं नाव, मग ‘भ्र.’, मग नवऱ्याचं नाव. पुरुषाच्या किंवा कुमारिकेच्या नावापुढे ‘पि.’ म्हणजे पिता. इतर काही भागांतल्या कागदांत त्याच जागी ‘जौजे’ येतं. ही अक्षरं नावाचा भाग नाहीत, नातं सांगणाऱ्या खुणा आहेत. ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘बाई’ यांचंही तेच. संगणकाला हे कळत नाही. त्याच्या लेखी ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ या दोन वेगळ्या बायका असतात, आणि ‘सौ. सुमन’ ही तिसरी. म्हणून पहिलं काम कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी घरी बसून करायचं आहे. एका कोऱ्या कागदावर आपलं नवं पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं. ‘बाई’ ठेवायचं की काढायचं, नवऱ्याच्या नावातलं ‘राव’ धरायचं की नाही, आडनावाचं स्पेलिंग नवऱ्याच्या आधारवर आहे तेच आहे का, हे अक्षर अक्षर लावून बघायचं आणि तो कागद जपून ठेवायचा. यापुढचा प्रत्येक अर्ज त्या कागदावर बघून भरायचा. आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या कागदांवर जोशी हे आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं आहे, ते आजही तसंच शोधावं लागतं. स्पेलिंग एकदा कागदावर चढलं की माणसाच्या मागे किती वर्षं चालत येतं, ते यावरून कळावं.

आता तो मधला कागद. तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह मंडळांचं विनियमन आणि विवाह नोंदणी यांचा कायदा आहे आणि तो सर्व धर्मांच्या लग्नांना लागू आहे. त्याखाली गावात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो. (२०२४ पासून त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) म्हणजे सिरसाळ्यात लागलेल्या लग्नाच्या नोंदणीसाठी बीडला जायची गरज नाही. लग्न झाल्यापासून ९० दिवसांच्या आत विवाहाचं ज्ञापन, म्हणजे नमुना ‘ड’, भरून द्यायचं. त्यावर नवरा-बायको, लग्न लावणारे पुरोहित, काझी किंवा भन्तेजी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. सोबत दोघांच्या वयाचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि लग्नपत्रिका. नोंद झाली की नमुना ‘ई’ मध्ये दाखला मिळतो. मुस्लिम घरांत निकाहनामा असतो आणि त्याचं मोल आहेच, पण कार्यालयांत हाच सरकारी दाखला निमूट चालतो, म्हणून निकाहनाम्याच्या जोडीने नोंदणीही करून घ्यावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असं राज्यांना सांगितलं, त्यामागे बायकांच्या हक्कांचाच विचार होता.

हा दाखला मोलाचा का? कारण बाईचं लग्नाआधीचं नाव आणि तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, दोन्ही एकाच कागदावर, सरकारी शिक्क्याखाली येतात. माहेरच्या नावाच्या कागदांचा एक गठ्ठा आणि सासरच्या नावाच्या कागदांचा दुसरा गठ्ठा, यांना जोडणारी गाठ म्हणजे हा दाखला. म्हणूनच त्यातली अक्षरं शाळेच्या दाखल्याशी जुळली पाहिजेत. पत्रिकेवर लाडाचं नाव छापलेलं असेल तर इथेच अडतं. पत्रिका छापायला देण्याआधी बापाने मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवून पूर्ण नाव छापून घ्यावं. लाडाचं नाव कंसात छापलं तरी हरकत नाही.

आपल्या भागात त्या ९० दिवसांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. लग्नं उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये लागतात. मग मृग लागतो, पेरणी येते, आणि बघता बघता ऑगस्ट संपतो. ज्या घरांचा ऊसतोडीचा करार आहे ती घरं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि नवं जोडपं पहिल्याच वर्षी जातं. फडावर असताना ना ग्रामसेवक भेटतो ना साक्षीदार. म्हणून लग्नाच्या पूजेनंतर, पाहुणे अजून गावात आहेत तेव्हाच, साक्षीदारांच्या सह्या उरकून घ्याव्यात. अर्ज दिल्यावर पोच मागावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली विवाह नोंदणीचा दाखला ही ठरावीक मुदतीत मिळण्याची सेवा आहे. मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि पोच नसेल तर अपिलाला पायच राहत नाही.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. बीड जिल्ह्यात कमी वयात लग्न लावण्याचं प्रमाण मोठं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा नसेल तर नोंदणी होत नाही. म्हणजे त्या मुलीचं शिक्षण, शरीर आणि बालपण तर जातंच, शिवाय तिच्या दोन नावांना जोडणारा कागदही तयार होत नाही. नवरा गेला किंवा त्याने टाकलं, तर ‘मी याची बायको’ हे सिद्ध करण्यापासून तिला सुरुवात करावी लागते. आडनाव बदलून दिलं म्हणजे मुलीचं भलं केलं, असं समजणाऱ्या आईबापांना मला हे कळकळीने सांगायचं आहे.

दाखला हातात आला की पुढचं दार आधारचं. नवं नाव, दाखला आणि स्वतः बाई, एवढं आधार केंद्रावर न्यायचं. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा: आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदाच बदलता येतं. स्पेलिंगची चूक सुधारण्यात एक संधी गेली आणि लग्नात दुसरी, की पुढचा बदल फार अवघड होतो. म्हणून घरी लिहिलेला तो कागद इथे काढायचा. केंद्रावरचा मुलगा इंग्रजीत नाव टाकतो आणि मराठी अक्षरं संगणक स्वतः लिहितो. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. पावती देण्याआधी पडद्यावरची मराठी ओळ बोट ठेवून वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्यावं. पत्ता बदलणं आणि नाव बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाव माहेरचंच ठेवून पत्ता सासरचा करता येतो, आणि बऱ्याच योजनांना तेवढंच पुरतं.

आधारनंतर पॅन. पॅनचा नंबर जन्मभर तोच राहतो, फक्त नाव दुरुस्त होतं. पुरावा म्हणून विवाह दाखला किंवा लग्नपत्रिकाही चालते. पॅन कार्डाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यावर लग्नानंतरही वडिलांचंच नाव छापलं जातं, नवऱ्याचं नाही. एकट्या आईने वाढवलेल्या मुलीला आईचं नावही घेता येतं. पुष्कळ बायका अर्जात वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहून येतात आणि अर्ज परत येतो. तिथे बापच लिहायचा. आधार आणि पॅन या दोन्हींवरचं नाव एकसारखं झालं की निम्मं काम संपलं.

मग बँक. इथे बायकांना सगळ्यांत जास्त फेऱ्या पडतात, आणि नियम मात्र त्यांच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘केवायसी’च्या निर्देशांत साफ लिहिलं आहे की ओळखपत्र जुन्या नावाचं असलं, तरी राज्य सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली तर ते ग्राह्य धरायचं. माझ्याच एका नात्यातल्या मावशीला एका बँकेने ‘नवं खातं काढा, जुनं बंद करा’ असं सांगून परत पाठवलं होतं. जुन्या खात्यात भिशीचे आणि शेळ्या विकून साठवलेले पैसे होते. नवं खातं काढायची गरज नव्हती, त्याच खात्यावर नाव बदलायचं होतं. आधी आधार, मग बँक, हा क्रम का पाळायचा तेही यातच आलं. सरकारी योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. दोन्हीकडे नावं वेगळी असतील तर पैसा वाटेतच अडकतो, आणि तो कुठे अडकला ते सांगायला कुणी नसतं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत २०२५ साली नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला, तेव्हा ज्यांची नाती कागदावर जोडलेली होती त्यांचं काम एका दुपारीत झालं.

मतदार यादी आणि रेशनकार्ड ही कामं सोपी आहेत, पण चुकतात नेमकी तीच. माहेरी मतदार असलेल्या मुलीने सासरी नवा नमुना ६ भरू नये. नमुना ८ भरावा. त्यात पत्ता बदलणं आणि नाव दुरुस्त करणं दोन्ही होतं. नवा अर्ज भरला तर दोन गावांत दोन नावं लागतात आणि तो गुन्हा ठरतो. रेशनकार्डासाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला त्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून आणायचा आणि मग सासरच्या कार्डावर नाव चढवायचं. माहेर माजलगावला किंवा धारूरला असेल तर दिवाळीला माहेरी गेल्यावर हे करून घ्यावं, नुसत्या एका कागदासाठी वेगळी खेप होऊ नये. पासपोर्ट असेल तर तो दुरुस्त होत नाही, नव्या नावाने पुन्हा काढावा लागतो, आणि त्याचा नंबरही बदलतो.

राजपत्राबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. ‘गॅझेट केल्याशिवाय नाव बदलत नाही’ असं सांगून गावात पैसे उकळले जातात. नुसतं लग्नामुळे वडिलांचं नाव आणि आडनाव बदलत असेल, तर बहुतेक ठिकाणी विवाह दाखला पुरतो. राजपत्र लागतं ते पहिलं नावही बदललं असेल तेव्हा, किंवा नोकरीत, परीक्षेत, जुन्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीत स्पष्टपणे मागितलं असेल तेव्हा. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये या नोंदी छापल्या जातात, जुनं नाव आणि नवं नाव जोडून. हे काम मुंबईच्या चर्नी रोडवरच्या शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे, आणि अर्ज ऑनलाइन होतो, म्हणजे परळीच्या एखाद्या सेवा केंद्रातूनही करता येतो. मजकूर पाठवण्याआधी अक्षर अक्षर तपासावं, कारण छापल्यानंतर चूक सुधारायची तर पुन्हा नवी नोंद करावी लागते. आणखी एक गोष्ट. राजपत्रातच शासन स्पष्ट म्हणतं की हा मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून छापला आहे आणि त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे राजपत्र ही तुमची जाहीर घोषणा आहे. लग्नाचा पुरावा दाखलाच राहतो. प्रतिज्ञापत्र मागितलं तर कुणी सांगतं म्हणून शंभर-पाचशेचा मुद्रांक विकत घेऊ नये. शासकीय कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे.

काही कागद बदलायचे नसतात, हे सांगितल्याशिवाय ही माहिती पुरी होत नाही. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला ज्या नावाने मिळाला त्याच नावाने राहतो. बदलण्यासाठी बोर्डाच्या चकरा मारू नयेत, सोबत विवाह दाखल्याची प्रत जोडावी. जातीचा दाखला तर माहेरचाच. लग्नाने जात बदलत नाही, मुलीची जात वडिलांकडून धरली जाते. नॉन-क्रीमीलेअरसाठीही आईवडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. म्हणून जातीचा दाखला आणि पडताळणी लग्नाआधीच काढून ठेवलेली बरी. आजोबा-पणजोबांचे पुरावे माहेरच्या गावात असतात, आणि सासरी गेल्यावर ते गोळा करायला भावाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

आणि आता जमीन. हिंदू वारसा कायद्याखाली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तशी दुरुस्ती केली, २००५ मध्ये देशभर झाली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आडनाव बदललं म्हणून तो हक्क सुटत नाही. वडील गेल्यावर वारस नोंद करताना तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) सगळ्या वारसांची यादी जाते. त्यात मुलीचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी नुसतंच ‘बहीण’ लिहिलं जातं. सातबाऱ्यावर तिचं नाव ज्या रूपात चढेल तेच पुढे शेतकरी ओळखपत्रात आधारशी जुळवलं जातं, म्हणून यादी देतानाच आधारवरचं नाव द्यावं आणि विवाह दाखला जोडावा. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लिहायची. त्याच निर्णयात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या दस्तऐवजांत विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा. म्हणजे माहेरचं नाव ठेवलेल्या बाईने शेत किंवा घर आपल्या नावावर करून घेताना ‘आधी नाव बदला’ असं कुणी म्हणू शकत नाही. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी १९९२ पासूनची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. तिचा अर्ज तलाठ्याकडे साध्या कागदावर होतो, फक्त नवऱ्याची तयारी लागते. राखीपौर्णिमेला ओवाळणीसोबत हक्कसोडपत्रावर सही मागणाऱ्या भावांबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. एवढंच सांगते की वाचल्याशिवाय आणि समजल्याशिवाय त्यावर अंगठा उमटवू नये.

नाव परत माहेरचं करायचं असेल तर वाट तीच आहे, फक्त उलट दिशेने. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हा दुवा. नवरा गेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि विवाह दाखला. पुन्हा लग्न झालं तर दुसऱ्या लग्नाची नोंद. विधवेने नाव बदलायलाच हवं असं नाही, ठेवायलाच हवं असंही नाही. पेन्शन, विमा, निराधार योजनेचे पैसे चालू असताना मात्र मध्येच नाव बदलू नये. आधी ते काम मार्गी लागू द्यावं.

शेवटी ज्या बायकांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाली, ज्यांची नोंदणी कुणी केलीच नाही, त्यांच्याबद्दल. सिरसाळ्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्या खूप आहेत. मुदत गेली म्हणून दार बंद झालेलं नाही. विलंब शुल्क भरून आणि उशिराचं कारण सांगून जुन्या लग्नाचीही नोंद होते. लग्नपत्रिका हरवली असेल तर तशी लेखी माहिती आणि प्रतिज्ञापत्र लागतं, लग्नातला एखादा पिवळा पडलेला फोटो असेल तर तोही सोबत न्यावा. अडचण येते ती साक्षीदारांची. त्या मांडवात हजर असलेले तीन जण लागतात. तेव्हाचे मामा, चुलते, आत्याबाई आता म्हातारे झाले आहेत. ते गावात आहेत, त्यांना आठवतंय आणि सही करता येतेय, तोवर एका सकाळी त्यांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन यावं.